नावाचे नगर आणि कचऱ्याचा कायदा

एखाद्या ठिकाणाच्या नावात 'नगर' आले म्हणजे त्या ठिकाणाला नगरपालिका लाभते असे नाही. कोयनानगर हे त्याचे ठळक उदाहरण होय. कोयना धरणाच्या बांधणीसाठी आलेल्या अभियंत्यांची, कामगारांची आणि कारकुनांची ही वसाहत पाटण तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत उभी राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने ती उद्ध्वस्त केली आणि ती पुन्हा उभी राहिली. सुमारे १९६० मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प आणि सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठविणारा शिवसागर जलाशय ही या स्थळाची ओळख शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु वसाहत प्रकल्पाची, म्हणजे सरकारी खात्याची. लगतची हेळवाक, रासाटी यांसारखी गावे ग्रामपंचायतींची. डोंगरउतारावरचे रान वनखात्याचे आणि मधून जाणारा कराड-चिपळूण रस्ता महामार्गाच्या यंत्रणेचा, अशी येथील सत्तेची वाटणी आहे. ज्या प्रश्नाला एकच धनी लागतो, तो प्रश्न अशा ठिकाणी अनाथ होतो. केरकचऱ्याचा प्रश्न नेमका या जातीचा आहे.

कोयनानगर आता केवळ धरणाचे गाव राहिलेले नाही. पावसाळ्यात नवजाचा ओझर्डे धबधबा, नेहरू स्मारक उद्यान, कुंभार्ली घाटातील धुके आणि जलाशयाचे दर्शन यांसाठी पश्चिम महाराष्ट्रातून व कोकणातून माणसांची रीघ लागते. कोयना अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. २०१० साली ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. या गर्दीवर चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, भाजलेल्या कणसांची शेगडी घेऊन बसणाऱ्या बायका, घरगुती खाणावळी, लहान उपाहारगृहे आणि किराणा दुकाने जगतात. धरणाने या खोऱ्यातील सुपीक जमीन घेतली आणि हजारो कुटुंबे विस्थापित केली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी धरणग्रस्तांना २०१८ सालीही कोयनानगरात आंदोलनाला बसावे लागले, हे विसरता येणार नाही. ज्या मुलखात शेती आखूड आहे आणि कारखाना नाही, तेथे चार महिन्यांचा हा धंदा म्हणजे कित्येक घरांचा वर्षाचा आधार असतो.

पण पाहुणा जेवून, पाणी पिऊन आणि छायाचित्रे काढून निघून जातो. मागे उरतात पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, कागदी म्हणविणारे पण आतून प्लॅस्टिकचा मुलामा दिलेले पेले, उष्टे अन्न आणि दारूच्या काचा. हा केर कोणी उचलावा, कोठे न्यावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा? कायद्याने या प्रश्नांची उत्तरे दिलेली आहेत. ती मोठ्या शहरांना समोर ठेवून दिलेली आहेत, आणि ती जशीच्या तशी डोंगरातील बाजारपेठेवर लादली तर त्यांचा भार सर्वांत लहान धंद्यावर सर्वांत जास्त पडेल, असे आमचे प्रतिपादन आहे.

शहरासाठी बेतलेला कायदा

भारतात नागरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम २००० साली आले. ते केवळ नगरपालिकांपुरते होते. त्यांच्या जागी एप्रिल २०१६ मध्ये घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांची व्याप्ती वाढली, तरी ती नागरी संस्था, जनगणनेने शहर ठरविलेली गावे, अधिसूचित क्षेत्रे, औद्योगिक वसाहती, तीर्थस्थळे अशा यादीपुरतीच राहिली. साधे खेडे, मग त्यात रविवारी कितीही गर्दी होवो, त्या यादीत आपोआप बसत नव्हते. या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावर तीन कर्तव्ये घातली: घरातच वा दुकानातच वर्गीकरण करणे, कचरा उघड्यावर न टाकणे, न जाळणे व न पुरणे, आणि स्थानिक संस्थेने ठरविलेले शुल्क भरणे. दिवसाला सरासरी शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्याला 'मोठा कचरा निर्माता' असे नाव मिळाले. उपाहारगृहांनी ओल्या कचऱ्याची शक्यतो स्वतःच्या आवारातच विल्हेवाट लावावी आणि फेरीवाल्यांनी आपल्याजवळ डबा ठेवून त्यातील केर स्थानिक संस्थेने नेमलेल्या जागी वा गाडीत टाकावा, असेही त्यांत सांगितले होते.

या नियमांची जागा आता जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी घेतली असून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख आहे. ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा अशी कचऱ्याची चार प्रकारे वर्गवारी त्यांनी सांगितली आहे. ग्रामीण स्थानिक संस्थांकडेही त्यांनी जबाबदारी दिली आहे. म्हणजे ग्रामपंचायत कायद्याच्या कक्षेबाहेर होती, ही सबब संपली. हे योग्यच झाले. परंतु कक्षेत आणणे आणि समर्थ करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मुंबई महानगरपालिकेने २०१७ साली मोठ्या गृहसंकुलांना व उपाहारगृहांना आपला ओला कचरा आवारातच जिरविण्यास सांगितले, तेव्हा पुष्कळ ओरड झाली. तरीही त्या महानगरपालिकेपाशी गाड्या होत्या, कर्मचारी होते, कचराभूमी होती आणि नियम मोडणाऱ्याला नोटीस देणारे खाते होते. डोंगरातल्या ग्रामपंचायतीकडे बहुधा एक ग्रामसेवक, एक-दोन शिपाई आणि फार तर एखादी घंटागाडी असते. कर्तव्य महानगराचे आणि साधने खेड्याची, अशी ही विजोड सांगड आहे.

शिवाय शंभर किलोची मर्यादा येथे एक विचित्र परिणाम घडविते. एखाद्या वळणावर तीस टपऱ्या आहेत आणि प्रत्येकीतून दिवसाला चार किलो केर निघतो, असे उदाहरणादाखल धरू. एकूण केर एकशेवीस किलो झाला. एकाच मालकाचे हॉटेल असते तर ते मोठा कचरा निर्माता ठरले असते आणि त्याला स्वतःचा खड्डा, स्वतःचे यंत्र, स्वतःचा माणूस ठेवावा लागला असता. पण येथे तीस मालक आहेत. त्यांपैकी कोणीही मोठा नाही, म्हणून मोठ्याची जबाबदारी कोणावरच नाही, आणि एवढा केर रोज उचलण्याची ऐपत असलेली संस्थाही जवळ नाही. कायद्याच्या दृष्टीला यांतला एकेक टपरीवाला तेवढा दिसतो. त्या वळणावर साचलेला ढीग कायद्याच्या हिशेबात कोठेच येत नाही.

दंड एक, धंदे अनेक

दंडाच्या बाबतीत हीच विषमता अधिक टोचते. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये, दुसऱ्यास दहा हजार, तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये व तीन महिन्यांचा कारावास, अशी शिक्षा ठरली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर केंद्र सरकारचीही बंदी आली. या बंदीचा हेतू निर्विवाद चांगला होता. पण पाच हजारांचा दंड महानगरातील वातानुकूलित दुकानाला एका गिऱ्हाइकाच्या बिलाएवढा वाटतो, तर वडापावच्या गाडीला तो कित्येक दिवसांच्या कमाईएवढा असतो. दंडाची रक्कम समान ठेवली म्हणजे न्याय समान झाला, असे मानणे ही फसवणूक आहे.

त्यात कोयनेचा पाऊस ध्यानात घ्यावा लागतो. वर्षाला सुमारे पाच हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात साखर, मीठ, पीठ कागदी पुड्यात बांधून दिले तर गिऱ्हाईक घरी पोहोचेपर्यंत पुड्याचा लगदा होतो. पुण्यात कागदी पिशवी देणे ही सवयीची बाब असेल. येथे ती जिन्नस नासण्याची हमी ठरू शकते. मेणकापड, कापडी पिशवी, डबा, बरणी यांचे जुने वळण पुन्हा लावता येईल. अगदी अलीकडेपर्यंत आपल्या आजी-पणजीने तेलाला बुधला आणि दळणाला डबा घेतल्यावाचून घराबाहेर पाऊल टाकले नव्हते. पण ते वळण गावच्या गिऱ्हाइकाला लावता येते. मोटारीतून उतरलेला पर्यटक डबा घेऊन येत नाही, आणि त्याच्यासाठी पर्याय उभा करणे हे एकट्या दुकानदाराच्या हाती नाही. बंदी लागू झाल्यानंतर काही दिवसांतच किराणा व्यापाऱ्यांच्या वेष्टनांच्या बाबतीत सरकारला सवलत द्यावी लागली. यावरून पर्यायाचा विचार आधी झालेला नव्हता, हेच दिसून आले.

वेफर्सचे पाकीट आणि पाण्याची बाटली कोयनानगरात तयार होत नाही, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. ती दूरच्या कारखान्यातून येते. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांनुसार उत्पादकाने आपले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यावयाची असते आणि त्यासाठी २०२२ साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही आली. परंतु ही जबाबदारी टनांच्या हिशेबाने आणि प्रमाणपत्रांच्या साहाय्याने पार पडते. उत्पादकाला सोयीच्या ठिकाणी जमा झालेला माल पुरतो. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरचे पाकीट वेचण्यासाठी त्याला येथवर येण्याचे कारण उरत नाही. परिणामी नफा कारखान्याचा, सोय पर्यटकाची आणि दंडाची पावती टपरीवाल्याची, अशी वाटणी होते.

शिरगणतीत नसलेली गर्दी

पैशाचा प्रश्न याहून मूलगामी आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण विभागाचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. त्यात घनकचऱ्याच्या व्यवस्थेसाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी साठ रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी पंचेचाळीस रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. तालुक्यामागे प्लॅस्टिक कचऱ्याच्या एका केंद्रासाठी सोळा लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावाला फार तर एक लाख वीस हजार रुपये मिळू शकतात. तेही साधनसामग्री उभी करण्यासाठी, दरमहाचा पगार आणि डिझेल यांसाठी नव्हे. एवढ्या पैशात एक बरी गाडीही येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे हा हिशेब गावात राहणाऱ्या माणसांचा आहे. श्रावणातल्या रविवारी जी माणसे येतात, त्यांची नोंद कोठल्याच शिरगणतीत होत नाही. दोन हजारांच्या गावात पाच हजार पाहुणे आले तर केर सात हजारांचा होतो, पण अनुदान दोन हजारांचेच राहते. पाण्याची योजना असो वा केराची, आपली सारी ग्रामीण अर्थव्यवस्था माणसे रात्री जेथे झोपतात तेथे मोजते. ती दिवसा कोठे खातात हे मोजत नाही. पर्यटनस्थळांच्या ग्रामपंचायतींचे दारिद्र्य बव्हंशी या एका पद्धतीतून आलेले आहे.

अशा स्थितीत ग्रामपंचायतीने पैसा उभा करावयाचा तर तो कोणाकडून? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली केरकचरा हलविण्यासाठी सामान्य आरोग्य उपकर बसविता येतो. दुकाने व हॉटेले चालविणाऱ्यांवरही कर लावता येतो. सर्वांत जवळचा, सर्वांत दिसणारा आणि पळून जाऊ न शकणारा करदाता म्हणजे गावातला दुकानदार. म्हणून सारा भार त्याच्याकडे सरकतो. शहरांतही याहून निराळे घडले नाही. नागरी संस्थांनी उपयोगकर्ता शुल्काची आकारणी सुरू केली, तेव्हा अनेक गावांतील व्यापारी संघटनांनी तिला विरोध केला. त्यांचा मुख्य आक्षेप असा की मालमत्ता कराच्या पावतीत स्वच्छतेचा कर आधीच आहे. मग त्याच कामासाठी दुसऱ्यांदा पैसे का द्यावेत? या आक्षेपाला उत्तर देता येते, पण ते सेवा देऊनच देता येते. गाडी वेळेवर येते, केर उचलला जातो आणि हिशेब उघडा आहे, एवढे दिसले तर व्यापारी कुरकुर करतो पण पैसे देतो, असा अनुभव आहे.

व्यापाऱ्याची बाजू आणि तिची मर्यादा

येथवर आम्ही लहान व्यावसायिकाची बाजू मांडली. पण तो निर्दोष आहे असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. रात्री दुकान बंद करताना दिवसभराचा केर मागच्या ओढ्यात लोटून देणारे, प्लॅस्टिक आणि ओले पुठ्ठे एकत्र पेटवून देणारे आणि उष्टे अन्न रस्त्याकडेला फेकणारे व्यावसायिक डोंगरातील कोणत्याही पर्यटनस्थळी पाहावयास मिळतात. जाळलेल्या प्लॅस्टिकचा धूर त्यांच्याच पोरांच्या छातीत जातो. उष्ट्यासाठी आधी भटकी कुत्री येतात, मग वानरे व रानडुकरे येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या उंबरठ्यावरील वस्तीत ही साखळी गमतीची नाही. ओढ्यात लोटलेला केर पहिल्या मुसळधार पावसात कोयनेत उतरतो. ही नदी पाटणवरून वाहत जाऊन कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला जाते. कोयनानगरात टाकलेल्या बाटलीची जबाबदारी कराड-सांगलीच्या नदीकाठाने का घ्यावी, या प्रश्नाला टपरीवाल्यापाशीही उत्तर नाही.

म्हणून 'गरिबाला नियम नको' ही भूमिका आम्हाला मान्य नाही. ती गरिबाच्याही हिताची नाही. ज्या धबधब्यापाशी काचांचा खच पडतो तेथे कुटुंबवत्सल पर्यटक पुन्हा येत नाही. येतो तो केवळ मद्यपानासाठी येणारा, आणि त्याच्यामागे चांगला धंदा निघून जातो. स्वच्छता हे येथील बाजारपेठेचे भांडवल आहे. वाद इतकाच की ते भांडवल राखण्याचा खर्च ज्यांना त्याचा लाभ होतो त्या सर्वांत वाटला गेला पाहिजे. त्यांत पर्यटक, उत्पादक, सरकारी खाती, मोठी हॉटेले आणि लहान टपऱ्या हे सर्व आले. आजची व्यवस्था या शेवटच्या दुव्याला आधी धरते, कारण तो हाताशी असतो.

शेजाऱ्यांचे धडे

हे काम अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत २०२० साली कराड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी पहिले आले. सातारा-सांगली या दोनच जिल्ह्यांतील तीन लहान गावांनी लागोपाठ तीन वर्षे देशात अग्रस्थान मिळविले, ही गोष्ट अभिमानाची तर आहेच, पण बोधाचीही आहे. पाचगणीने तर आपल्या जुन्या उकिरड्याच्या जागीच पर्यटकांना दाखविण्यासारखे स्थळ उभे केले. पाचगणीचा डोंगर आणि पाचगणीची गर्दी कोयनानगराहून फारशी निराळी नाही. निराळी आहे ती एक गोष्ट: तेथे नगरपालिका आहे, म्हणजे जबाबदारीचा एक धनी आहे.

पण नगरपालिका नसतानाही मार्ग निघतो, हे गोव्याने दाखविले आहे. कळंगुट, कांदोळी ही समुद्रकाठची जगप्रसिद्ध स्थळे ग्रामपंचायतीच आहेत. त्यांच्या केराचा डोंगर झाल्यावर गोवा सरकारने साळगाव येथे २०१६ साली प्रक्रिया प्रकल्प सुरू केला आणि किनाऱ्यावरील पंचायतींचा केर तेथे जाऊ लागला. गाव गोळा करील, प्रक्रिया राज्य करील, अशी ही श्रमविभागणी आहे. तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली मद्याच्या बाटलीवर दहा रुपये अनामत घेण्याची आणि रिकामी बाटली परत केल्यावर ते पैसे परत देण्याची पद्धत सुरू झाली. दहा रुपयांसाठी पर्यटक बाटली परत आणतो. त्याने टाकली तर दुसरा कोणी उचलून आणतो. जंगलातील काच कमी करण्यासाठी पाटी लावण्यापेक्षा हा उपाय कितीतरी परिणामकारक आहे. पुण्यात कचरावेचक स्त्रियांच्या संघटनेतून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा व दुकानांचा केर गोळा करीत आली आहे आणि तिचे मेहनताना-शुल्क थेट सेवा घेणाऱ्याकडून येते. बचत गटांचे जाळे असलेल्या सातारा जिल्ह्यात असा प्रयोग अवघड जाऊ नये.

काय करता येईल

कोयनानगरापुरते बोलावयाचे तर पहिली गरज एका संयुक्त यंत्रणेची आहे. लगतच्या ग्रामपंचायती, कोयना प्रकल्पाचे अधिकारी, वनखाते, महामार्गाची यंत्रणा आणि व्यावसायिकांचे प्रतिनिधी यांची जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली समिती असावी आणि तिला स्वतंत्र खाते व स्वतंत्र हिशेब असावा. प्रकल्पाच्या वसाहतीचा केर आणि बाजारपेठेचा केर निरनिराळ्या गाड्यांनी वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. डोंगरी भागात पर्यटकांकडून प्रवेशाच्या ठिकाणी कचऱ्याचे शुल्क घेता येईल, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत होती आणि २०२६ च्या नियमांनीही ती कायम ठेवली आहे. महाबळेश्वर व माथेरान येथे प्रवासी कराची प्रथा जुनी आहे. कोयनानगरात मात्र नाका उभारताना तारतम्य हवे. कराड-चिपळूण रस्त्याने जाणारा प्रत्येक जण पर्यटक नसतो. भाजीचा टेम्पो आणि रुग्णाला घेऊन जाणारी गाडी अडवून कर घेणे अन्यायाचे होईल. हे शुल्क उद्यानाच्या, नवजाच्या वाटेच्या आणि अभयारण्याच्या तिकिटातच मिळविले तर कोणालाही अडवावे लागणार नाही, आणि ज्याने केर करावयाचा त्यानेच तो वाहून नेण्याचा खर्च दिला असे होईल.

तिसरी गोष्ट व्यावसायिकांवरील शुल्काची. ते दुकानाच्या पाटीवर नव्हे, केराच्या प्रमाणावर आणि हंगामावर बसवावे. ज्या टपरीचा धंदा जून ते सप्टेंबर चालतो तिच्याकडून बारा महिन्यांचे शुल्क घेऊ नये. वर्गीकरण करून देणाऱ्याला सूट द्यावी आणि मिसळलेला केर देणाऱ्याकडून जादा आकार घ्यावा. मोठ्या हॉटेलांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरविला पाहिजे, यात सवलत नको. लहान खाणावळींसाठी मात्र सामायिक खड्डे आणि त्यांवर पक्के छप्पर ही व्यवस्था समितीने करावी. येथील पावसात उघड्या खड्ड्यात खत होत नाही, केवळ दुर्गंधी होते.

चौथी गोष्ट सुक्या कचऱ्याची. डोंगरावर कचराभूमी करू नये, संकलनाचे बंदिस्त केंद्र उभारून उरलेला केर पायथ्याच्या सपाट प्रदेशात न्यावा, हे तत्त्व २०१६ च्याच नियमांनी घालून दिले होते. त्यानुसार कोयनानगरात केवळ संकलन व्हावे आणि प्रक्रिया खाली पाटण-कराडच्या बाजूला व्हावी. मात्र तेथील एखाद्या गावाच्या गायरानात न विचारता ढीग रचला तर उरुळी देवाची आणि फुरसुंगीची पुनरावृत्ती होईल. पुण्याच्या केराने त्या गावांचे पाणी आणि हवा नासली व ग्रामस्थांना वारंवार कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या, हा इतिहास जुना नाही.

पाचवी गोष्ट दंडाची. दंड हवाच, पण सेवा आधी आणि दंड मागून, हा क्रम मोडता कामा नये. जेथे गाडी येत नाही तेथे केर जाळल्याबद्दल दंड करणे म्हणजे विहीर न खणता तहानेबद्दल शिक्षा देण्यासारखे आहे. गाडीची वेळ, शुल्काचा दर, जमा आणि खर्च ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दरमहा लिहिले जावेत. मग ज्याने नियम मोडला त्याला खुशाल दंड करावा, गावच त्या दंडाच्या बाजूने उभे राहील.

हा प्रश्न आजच सोडविण्याचे आणखी एक कारण आहे. सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांत 'नवीन महाबळेश्वर' उभारण्याची योजना राज्य सरकारने आखली आणि तिचे नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपविले. रस्ते होतील, हॉटेले होतील, गर्दी अनेक पटींनी वाढेल. आज तीस टपऱ्यांचा केर ज्यांना आवरत नाही, त्यांच्या अंगावर उद्या तीनशे हॉटेलांचा केर येऊन पडेल. आपल्याकडे आधी इमारती उभ्या राहतात आणि मग मोरी कोठे काढावयाची याचा विचार सुरू होतो. जुन्या महाबळेश्वरची आणि लोणावळ्याची गर्दी पाहिलेल्यांना याची फोड करून सांगावयास नको. कोयनानगराची संयुक्त यंत्रणा उभी राहिली तर ती या साऱ्या पट्ट्याला नमुना होईल. न राहिली तर नव्या योजनेचा आरंभच उकिरड्यापासून होईल.

कोयनेच्या खोऱ्याने या राज्याला वीज दिली, पाणी दिले आणि त्यासाठी आपली गावे बुडवून घेतली. त्या खोऱ्यात राहिलेल्या माणसाने आता चहाची टपरी टाकली तर तिच्यामागचा केर उचलण्याची व्यवस्था राज्याने करावी आणि त्याने आपला वाजवी वाटा द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. नव्या नियमांनी अधिकार दिले आहेत. जिल्हा प्रशासनाने पुढचा पावसाळी हंगाम लागण्यापूर्वी सर्व संबंधितांची एक बैठक बोलावून ते वापरावयास सुरुवात करावी. ती बैठक झाली नाही तर हंगामाच्या मध्यावर एखादे पथक येईल, पाच-दहा गाड्यांना दंड करील, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतील, आणि ओढ्याला पूर आला की सारा केर पुन्हा खाली कराडकडे निघेल.